डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य, हे कसे ठरले

जनुके डीएनएची बनलेली असतात, हे विधान आज पाठ्यपुस्तकात व्याख्येसारखे येते आणि विद्यार्थी ते तसेच स्वीकारतो. डीएनए प्रथम हाती लागल्यापासून हे विधान सर्वमान्य होईपर्यंत मात्र ८० वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्याचा पहिला भक्कम पुरावा न्यूमोनियाच्या जीवाणूंवर काम करणाऱ्या संशोधकांनी दिला.

१८६९ मध्ये ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर हे तरुण स्विस संशोधक जखमांच्या पट्ट्यांवरील पू धुऊन त्यातील पांढऱ्या पेशींचा अभ्यास करत होते. या पेशींच्या केंद्रकातून त्यांना एक फॉस्फरसयुक्त पदार्थ मिळाला. प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिनने तो विरघळत नसल्यामुळे तो प्रथिनांहून वेगळा असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि त्याला ‘न्यूक्लिन’ असे नाव दिले. आज आपण त्याच्या मुख्य घटकाला डीएनए म्हणतो. पुढे मेंडेल यांचे नियम १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात आले आणि जनुके गुणसूत्रांवर असतात हेही प्रस्थापित झाले. गुणसूत्रात डीएनए आणि प्रथिने दोन्ही असतात. यांपैकी आनुवंशिक माहिती कशात साठवलेली असते, हा प्रश्न मात्र उरला.

बहुतेकांचा कौल प्रथिनांच्या बाजूने होता, आणि त्यामागे सबळ वाटणारे कारण होते. प्रथिनांत सुमारे २० प्रकारची अमिनो आम्ले असतात, तर डीएनएमध्ये केवळ चार प्रकारचे घटक. फीबस लेव्हिन यांच्या मांडणीनुसार हे चारही घटक समप्रमाणात येत, आणि ही मांडणी एका कंटाळवाण्या, पुनरावृत्त रेणूचे चित्र उभे करत असे. असा रेणू सजीवांतील अपार विविधतेचा आधार असू शकेल, हे कोणाला पटण्यासारखे नव्हते.

या समजुतीला तडा देणारे काम ज्यांनी सुरू केले, त्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांना आनुवंशिकतेचा प्रश्न सोडवायचा नव्हताच. लंडनमध्ये आरोग्य मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत ते न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जीवाणूच्या, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रकारांचा अभ्यास करत होते. या जीवाणूच्या रोगकारक रूपाभोवती शर्करेचे आवरण असते आणि त्याच्या वसाहती गुळगुळीत दिसतात. आवरण गमावलेल्या रूपाच्या वसाहती खडबडीत असतात आणि ते उंदरांना मारत नाही. १९२८ मध्ये त्यांनी उष्णतेने मारलेले गुळगुळीत जीवाणू आणि जिवंत खडबडीत जीवाणू एकत्र टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत गुळगुळीत जीवाणू सापडले. पाठ्यपुस्तकातील आकृतीतून सहसा गळणारी गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण प्रयोगाचे सारे बळ तिच्यात आहे. जिवंत खडबडीत जीवाणू दुसऱ्या प्रकारापासून (प्रकार II) आलेले होते, तर मृत जीवाणू तिसऱ्या प्रकारचे (प्रकार III) होते. खडबडीत जीवाणू आपोआप पूर्वपदावर आले असते, तर त्यांना दुसऱ्या प्रकारचे आवरण मिळाले असते. प्रत्यक्षात ते तिसऱ्या प्रकारचे निघाले आणि त्यांच्या पुढील पिढ्यांतही तेच आवरण टिकले. मृत जीवाणूंतील काहीतरी जिवंत जीवाणूंत गेले होते आणि वारशाने पुढे जात होते.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ऑस्वल्ड एव्हरी यांना हा निष्कर्ष सुरुवातीला पटला नाही. मात्र हे रूपांतरण आधी उंदरांविना परीक्षानळीत आणि नंतर त्यांच्याच प्रयोगशाळेत पेशीविरहित अर्कानेही घडवून दाखवण्यात आले. त्यानंतर एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी अर्कातील कार्यकारी घटक शोधण्यासाठी एकेक शक्यता वगळत नेली. प्रथिने तोडणारी विकरे वापरली, तरी रूपांतरणाची क्षमता टिकली. आरएनए तोडणाऱ्या विकरानेही ती गेली नाही. डीएनए तोडणारी विकरे असलेल्या अर्कांनी मात्र ती नष्ट झाली. शुद्ध केलेला पदार्थ ६० कोटी भागांत एक भाग इतका विरल असतानाही काम करत होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा एव्हरी ६६ वर्षांचे होते. माझ्या मते विसाव्या शतकातील जीवशास्त्रात इतक्या संयमाने मांडलेला आणि इतका दूरगामी निबंध क्वचितच सापडेल.

त्याला विरोधही झाला. त्याच संस्थेतील आल्फ्रेड मर्स्की यांचा आक्षेप होता की, नमुन्यात अत्यल्प प्रथिन उरले असेल आणि रूपांतरण त्यामुळेच होत असेल. जीवरसायनशास्त्रज्ञ एर्विन शारगाफ यांनी मात्र हा निबंध वाचून आपल्या संशोधनाची दिशाच बदलली आणि १९५० पर्यंत दाखवून दिले की डीएनएतील चार घटकांचे प्रमाण वेगवेगळ्या जातींत वेगवेगळे असते. लेव्हिन यांच्या मांडणीचा आधार त्यामुळे निखळला.

१९५२ मध्ये आल्फ्रेड हर्शे आणि मार्था चेस यांनी जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या टी-२ विषाणूंच्या प्रथिनांवर किरणोत्सारी गंधकाची आणि डीएनएवर किरणोत्सारी फॉस्फरसची खूण केली. संसर्गानंतर मिक्सरमध्ये घुसळल्यावर बहुतांश गंधक बाहेर सुटले, तर फॉस्फरस मुख्यतः जीवाणूंत राहिला आणि त्याचा मोठा वाटा नव्या विषाणूंत उतरला. गंधकाचा काही अंश जीवाणूंसोबत राहिलाच होता. म्हणजे शुद्धतेच्या निकषावर हा पुरावा एव्हरी यांच्या पुराव्याहून सरस नव्हता. तरीही तो लवकर स्वीकारला गेला, कारण डीएनए साधा रेणू आहे ही समजूत तोवर मोडली होती.