‘तेत्ल’ आणि ‘-तेत्ल’: नाहुआत्ल भाषेतील नाम आणि मोजशब्द

मध्य मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषा, जी 2020 च्या जनगणनेनुसार आजही सोळा लाखांहून अधिक लोक बोलतात, तिच्या अभिजात रूपात ‘तेत्ल’ म्हणजे दगड. अंडी, कोको बिया, भोपळे अशा गोल किंवा भरीव वस्तू मोजताना हाच शब्द संख्येला चिकटतो: सेन्तेत्ल, ओन्तेत्ल, एतेत्ल, नाउतेत्ल, म्हणजे एक, दोन, तीन, चार नग. पहिला तेत्ल नाम आहे आणि दुसरा मोजशब्द, पण रूप एकच असल्यामुळे नवशिक्या वाचकाला दुसऱ्या ठिकाणीही दगडच दिसतो.

फरक ओळखण्याची खूण अर्थापेक्षा जागेत अधिक आहे. नाम स्वतंत्र उभे राहते. त्याच्या शेवटचा ‘-त्ल’, ‘-त्ली’ किंवा ‘-ली’ हा प्रत्यय मालकी दाखवताना गळतो, म्हणून ‘काल्ली’ म्हणजे घर, तर ‘नोकाल’ म्हणजे माझे घर. मोजशब्द मात्र संख्येच्या आखूड रूपालाच जोडला जातो (ओमे हा ‘दोन’ येथे ‘ओन्-’ होतो) आणि मोजायची वस्तू त्यापासून सुटी राहते. ‘ओन्तेत्ल तोतोल्तेत्ल’, म्हणजे टर्कीची दोन अंडी, या उदाहरणात तेत्ल दोनदा येतो. तोतोल्तेत्लमधला तेत्ल नामाचाच भाग आहे, कारण अंडे हा तिथे ‘पक्ष्याचा दगड’ ठरतो. ओन्तेत्लमधला मात्र केवळ मोजणीपुरता आहे.

गोंधळाचे दुसरे कारण अनेकवचन. अभिजात नाहुआत्लमध्ये अनेकवचन मुख्यतः सजीवांनाच मिळते: ‘कोयोत्ल’ या प्राण्याचे अनेकवचन ‘कोकोयो’, पण काल्ली एक घर असो वा शंभर, तसाच राहतो. सजीव साध्या संख्येने मोजतात, अनेक निर्जीव वस्तूंना मोजशब्द लागतो. मराठी वाचकाला हे उलटे वाटेल, कारण आपण ‘चार जण’ म्हणतो ते माणसांनाच, वस्तूंना नव्हे.

अलोन्सो दे मोलिना या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने 1571 च्या शब्दकोशात असे मोजशब्द नोंदवले. मक्याच्या कणसांसारख्या लांबट वस्तूंना ‘-ओलोत्ल’ आणि ओळीत मांडलेल्या गोष्टींना ‘-पान्त्ली’ लावत. ‘-त्लामान्त्ली’ हा सर्वांत लवचिक म्हणावा लागेल: एकमेकांपासून वेगळ्या किंवा जोडीने ठेवलेल्या गोष्टींना, ताटांना, चपलांना, इतकेच काय प्रवचनांनाही तो चालतो.

ही मोजणी विसाच्या पटीत असल्याने वीस या संख्येपाशी भेद आणखी वाढतो. सर्वसाधारण वीस म्हणजे सेम्पोवाल्ली. पण वीस चादरींच्या गाठोड्याला सेन्कीमील्ली, वीस कागदांना किंवा भाकऱ्यांना सेमिपील्ली आणि वीस माणसांना सेन्तेक्पान्त्ली म्हणत. साध्या संख्येने मोजल्या जाणाऱ्या माणसांनाही विसावर आल्यावर स्वतंत्र शब्द मिळतो, आणि सजीव-निर्जीवांचा वर सांगितलेला नियम तेथे सैल पडतो.