आठवडाअखेरचे शब्दकोडे

आठवडाअखेरचे शब्दकोडे म्हणजे शनिवारच्या किंवा रविवारच्या वृत्तपत्रात, बहुधा पुरवणीत, छापले जाणारे, आकाराने मोठे अथवा सोडवायला अवघड असे शब्दकोडे. काळ्या-पांढऱ्या घरांच्या चौकटीत आडवे व उभे शब्द एकमेकांना छेदून बसवायचे असतात आणि प्रत्येक शब्दासाठी क्रमांक घातलेले एक शोधसूत्र दिलेले असते. रोजचे कोडे गाडीच्या प्रवासात किंवा चहा संपेपर्यंत आटोपावे अशा बेताने केलेले असते. सुटीचे कोडे मात्र सोडवणाऱ्याला सवड आहे हे धरून रचलेले असते आणि म्हणून कोडेकार त्यात आपले सारे कसब ओततो. चांगले कोडे अवघड होते ते नेहमीच्याच शब्दाकडे वाचकाला आडवाटेने नेल्यामुळे. केवळ दुर्मीळ शब्द कोंबून केलेले कोडे कंटाळवाणे होते. उत्तर सापडल्यावर 'हेच, दुसरे नाही' अशी जी खात्री पटते, तिच्यासाठीच माणसे रविवारची सकाळ या चौकटीपुढे घालवतात.

शब्दकोड्याचा जन्मच मुळी रविवारचा आहे. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेले पत्रकार आर्थर विन यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवार, २१ डिसेंबर १९१३ च्या 'फन' या पुरवणीत शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे दिले. त्याचे मूळ नाव 'वर्ड-क्रॉस' असे होते. काही आठवड्यांतच छापताना दोन शब्दांची चुकून अदलाबदल झाली आणि पुढे 'क्रॉसवर्ड' हेच नाव जगभर रुळले. १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टर या नव्याने निघालेल्या प्रकाशनसंस्थेने कोड्यांचे पहिले पुस्तक पेन्सिल जोडून विकायला आणले आणि अमेरिकेत या छंदाची लाट आली. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मात्र हा वेळेचा अपव्यय असल्याचे लिहिले आणि पुढे १७-१८ वर्षे आपल्या पानांवर शब्दकोड्याला जागा दिली नाही. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर चित्र पालटले. युद्धाच्या बातम्यांनी खचलेल्या आणि दिवे मालवून घरात बसण्याची वेळ येऊ शकणाऱ्या वाचकांना मन गुंतवायला काहीतरी हवे, असे संपादकांना वाटले आणि १५ फेब्रुवारी १९४२ च्या रविवारी त्या वृत्तपत्रात पहिले शब्दकोडे आले. दैनिक कोडे सुरू व्हायला ११ सप्टेंबर १९५० उजाडला.

'न्यूयॉर्क टाइम्स'च्या शब्दकोड्यांच्या पहिल्या संपादक मार्गारेट फरार यांनी १९६९ पर्यंत हे काम पाहिले आणि अमेरिकी कोड्याची शिस्त त्यांच्या काळात घट्ट झाली. चौकट अर्धा फेरा फिरवली तरी काळ्या घरांची नक्षी तशीच दिसावी, तीनपेक्षा कमी अक्षरांचा शब्द नसावा आणि प्रत्येक अक्षर आडव्या व उभ्या अशा दोन्ही शब्दांत यावे, हे तिचे मुख्य नियम होत. तिसरा नियम सोडवणाऱ्याच्या फार कामाचा आहे. एखादा शब्द मुळीच येत नसला तरी त्याला छेदणारे सगळे शब्द आले की तो आपोआप उभा राहतो. विल शॉर्ट्झ १९९३ मध्ये संपादक झाले. इंडियाना विद्यापीठात कोडेशास्त्राचा स्वतःच आखलेला अभ्यासक्रम पुरा करून १९७४ मध्ये त्यांनी पदवी घेतली होती. या वृत्तपत्रात सोमवारचे कोडे सर्वांत सोपे आणि शनिवारचे सर्वांत कठीण असते. रविवारचे कोडे २१ बाय २१ घरांचे, म्हणजे रोजच्या १५ बाय १५ च्या जवळजवळ दुप्पट असते. पण काठिण्यात ते शनिवारच्या खाली, आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या पातळीवर बसते. शनिवारच्या चौकटीत बहुधा मध्यवर्ती विषय नसतो, काळी घरे थोडी असतात आणि शब्द लांबलचक असतात. त्यामुळे सुरुवातीला हाताला धरायला काहीच लागत नाही आणि पहिली पंधरा-वीस मिनिटे कोरी चौकट पाहण्यात जातात.

ब्रिटनमध्ये कोड्याने वेगळे वळण घेतले. तेथे चौकटीतील सुमारे निम्मीच अक्षरे छेदली जातात. उरलेली कसर सूत्र भरून काढते. 'ऑब्झर्व्हर' या रविवारी निघणाऱ्या वृत्तपत्रात एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी १९२६ पासून 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने अत्यंत कठीण कोडी दिली. हे नाव स्पेनमधील धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखाचे होते आणि त्यांच्यानंतर आलेल्या कोडेकारांनीही त्याच मालिकेतील नावे घेतली. १९३९ ते १९७१ या काळात डी. एस. मॅकनट 'झिमेनिझ' या नावाने लिहीत. १९७२ पासून जोनाथन क्राउदर यांनी 'डेझा' हे नाव उलटे करून 'अझेड' हे टोपणनाव घेतले. मॅकनट यांनी सूत्राच्या न्यायाचे नियम घालून दिले. सूत्रात उत्तराची नेमकी व्याख्या असावी, त्याच उत्तराकडे नेणारी शब्दखेळाची दुसरी वाट असावी आणि याखेरीज एकही शब्द भरताड म्हणून नसावा. सूत्र वाचकाला चकवू शकते, पण खोटे बोलू शकत नाही, असे याचे मर्म सांगता येईल. जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने १२ मिनिटांच्या आत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि तीत चमकलेल्या काहींना पुढे ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या युद्धकालीन गुप्त केंद्रात शत्रूच्या गुप्तलिपी उलगडण्याच्या कामाचे बोलावणे आले. दोन वाटांनी एकाच उत्तराला पोहोचून खात्री करण्याची सवय तेथे उपयोगी पडणारच होती.

सूत्राला एकच उत्तर असावे या नियमाची भारतात तर न्यायालयात परीक्षा झाली. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात मोठ्या रकमांच्या शब्दकोडे-स्पर्धांचे पेव फुटले होते. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धा बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या वृत्तपत्रात येत आणि त्या अंकांचा मुंबई राज्यात मोठा खप होता. मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेर छापलेल्या वृत्तपत्रांतील अशा स्पर्धांवरही कर बसवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ च्या निकालात सरन्यायाधीश एस. आर. दास यांच्या पीठाने या स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाच्या असल्याचे मानले आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे असे सांगितले. त्याच दिवशी १९५५ च्या केंद्रीय बक्षीस-स्पर्धा कायद्यावरही निर्णय झाला. महिन्याला एकूण हजार रुपयांवर बक्षिसे देण्यास मनाई करणारा हा कायदा ज्या स्पर्धांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नसते त्यांनाच लागू होतो, असे न्यायालयाने ठरवले. मराठीत कल्पना करायची तर 'संकटात माणसाला तारते ती' असे सूत्र असावे आणि दुसऱ्या घरात 'क्ती' आधीच छापलेले असावे, असा हा प्रकार. भक्ती, शक्ती, युक्ती यांपैकी काहीही बसते. बक्षीस मात्र आयोजकांनी आधी ठरवून ठेवलेल्या शब्दाला. अशा चौकटीत सोडवण्यासारखे काही उरतच नाही, फक्त अंदाज करायचा राहतो. शब्दकोड्याच्या नावाला त्या काळी लागलेला हा डाग कोडेप्रेमींवर अन्याय करणारा होता आणि म्हणूनच कौशल्य व दैव यांत न्यायालयाने आखलेली रेघ महत्त्वाची आहे.

मराठी शब्दकोड्याची घडण देवनागरी लिपीमुळे मुळातच निराळी आहे. इंग्रजी चौकटीत एका घरात एक वर्ण येतो आणि पर्याय २६ असतात. मराठीत एका घरात मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरासह पूर्ण अक्षर येते, त्यामुळे पर्याय शेकड्यांनी होतात. 'स्वातंत्र्य' हा भारदस्त शब्द स्वा, तं, त्र्य अशा तीनच घरांत मावतो. पण त्याच्या शेवटच्या घरातून खाली जाणारा शब्द शोधू गेल्यास कोडेकाराची पंचाईत होते. 'त्र्यंबक' आठवतो, पण तो 'त्र्यं'ने सुरू होतो, 'त्र्य'ने नाही. 'वन' आणि 'वात' हे शब्द पहिल्या घरात एकमेकांना छेदू शकत नाहीत, कारण व आणि वा ही दोन वेगळी अक्षरे आहेत. म्हणून मराठी चौकटीत शब्द बहुधा दोन ते पाच घरांचे असतात आणि काळी घरे इंग्रजीपेक्षा जास्त दिसतात. याची भरपाईही लिपीच करते. छेदातून मिळालेले एक अक्षर मराठीत फार अधिक सांगते. 'वा' मिळाला की स्वरही कळलेला असतो.

मराठी वृत्तपत्रांतील बहुतेक कोडी सरळ अर्थाची, म्हणजे समानार्थी शब्द, म्हणी, पौराणिक पात्रे, नद्या व गावे विचारणारी असतात. पण श्लेष आणि कूटप्रश्न यांची रुची भाषेत जुनी असल्याने चकवणारे सूत्रही मराठीत सहज उतरते. 'दिव्यात जळते, सांध्यांत छळतो' याचे दोन घरांचे उत्तर 'वात'. येथे क्रियापदांच्या लिंगानेच गुपित अर्धे फोडले आहे. जळणारी वात स्त्रीलिंगी आणि छळणारा वात पुल्लिंगी. इंग्रजी कोडेकाराला ही अडचण नसते. मराठी कोडेकाराला मात्र क्रियापद लपवावे लागते किंवा त्याचाच चकवा करावा लागतो. 'सरकार वाईट म्हटले, तर त्यातूनच होते ती' हे चार घरांचे सूत्र घ्या. 'सरकार वाईट' ही अक्षरे सलग वाचली की त्यांच्या पोटात 'कारवाई' सापडते आणि सूत्राचा वरवरचा अर्थही तिकडेच बोट दाखवतो. या 'कारवाई'च्या तिसऱ्या घरातून 'वात' खाली सोडला की दोन्ही उत्तरे एकमेकांची साक्ष देतात.

असे कोडे सोडवताना अनुभवी मंडळी पहिल्या घरापासून क्रमाने जात नाहीत. सगळी सूत्रे एकदा वाचून काढायची, जी उत्तरे ठाम आहेत ती भरायची आणि त्यांच्याभोवती वाढत जायचे, ही रीत सर्वत्र आढळते. वेळ मोजून सोडवणाऱ्यांनी काय ते करावे, पण सुटीच्या कोड्याला घड्याळ लावणे हे त्याची निम्मी चव घालवणे आहे. अडकल्यावर कोडे बाजूला ठेवून बाजारहाट करून यावे. मघाशी भिंतीसारखे वाटलेले सूत्र परत आल्यावर पहिल्या वाचनात उकलते, असा अनुभव पुष्कळांना येतो, कारण मनात घट्ट बसलेला चुकीचा अर्थ मधल्या वेळात सैल झालेला असतो. दाते-कर्वे यांचा शब्दकोश उघडावा की नाही यावर घरोघरी वाद होतात. उत्तर शोधण्यासाठी नव्हे, तर सुचलेले उत्तर पडताळण्यासाठी कोश पाहण्यात काहीच गैर नाही. अवघड कोडे दोघांनी मिळून सोडवण्यात विशेष गंमत आहे. शेतीचे, स्वयंपाकघराचे, देवघराचे शब्द आजीला येतात, क्रिकेटपटू आणि नवी उपकरणे नातवाला.

सर्वांत जास्त वेळ खाते ते न आलेले उत्तर नव्हे, तर आत्मविश्वासाने लिहिलेले चुकीचे उत्तर. 'नऊ उलटले की जंगल लागते' असे दोन घरांचे सूत्र असले की वाचकाला रात्रीची एसटी आणि घाटरस्ता दिसतो आणि 'जंगल' एवढाच शब्द धरून तो 'रान' लिहून मोकळा होतो. अर्थ बसतो, घरेही दोनच. मग त्याला छेदणारा एकही शब्द जुळेना म्हणून तासभर तो कोपरा रिकामा राहतो. नऊ म्हणजे 'नव', आणि 'उलटले' हा शब्द घड्याळाबद्दल नसून अक्षरांबद्दल आहे, हे ध्यानात आले की 'रान' खोडून तेथे 'वन' येते. शाईच्या पेनाऐवजी पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसणाऱ्याचा कागद अशा वेळी फाटत नाही, आणि कोपऱ्यातले उरलेले तीन-चार शब्द मग बहुधा पाच मिनिटांत बसतात.