लाँगबोर्डची ट्रिकसाठी जुळणी

लाँगबोर्ड म्हणजे लांब फळीचा स्केटबोर्ड. फळीची लांबी बहुधा ९० ते १२५ सेंमी. असते. लांब पल्ला, उतार आणि मोठी वळणे यांसाठी तो घडला आहे. त्याच्यावर शव्हिट (फळी पायाखाली आडवी फिरवणे), मॅन्युअल (पुढची किंवा मागची चाके उचलून तोल साधत जाणे), ऑली (शेपूट आपटून बोर्डसकट उडी) यांसारख्या ट्रिक करायच्या असतील, तर फळी, ट्रक (चाके धरणारे, फळीखालचे धातूचे आस), त्यांतली बुशिंग व चाके विचारपूर्वक निवडून बसवावी लागतात. या जुळणीला खेळाडू ‘सेटअप’ म्हणतात. मोठा व्हीलबेस (दोन ट्रकमधले अंतर), मऊ मोठी चाके आणि जमिनीलगतची फळी यांमुळे लाँगबोर्ड स्थिर चालतो, पण ट्रिक करताना नेमक्या याच गोष्टी आडव्या येतात.

मूळ प्रश्न तरफेचा आहे. मागच्या ट्रकची चाके हा टेकू, त्यामागे उरलेले शेपूट म्हणजे टेल ही दाबायची बाजू, आणि पुढची सगळी फळी पुढच्या ट्रकसकट हे उचलायचे ओझे. रस्त्यावरच्या साध्या स्केटबोर्डवर व्हीलबेस ३६ सेंमी.च्या आसपास असतो. लाँगबोर्डवर तो ६० ते ८० सेंमी. भरतो. त्यामुळे तेवढ्याच जोराने दाबलेले शेपूट लाँगबोर्डचे नाक जेमतेम उचलते. शेपूटच नसेल तर प्रश्नच मिटला. फळीला भोक पाडून त्यातून ट्रक बसवण्याच्या ड्रॉप-थ्रू रचनेत ट्रक अगदी टोकाशी जातात. असा बोर्ड प्रवासाला उत्तम, ट्रिकला जवळजवळ निरुपयोगी. कितीही महागडे सुटे भाग लावले तरी त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून ट्रिकसाठी ट्रक फळीखाली बसणारी, दोन्ही टोके वर वळलेली, ९५ ते १०५ सेंमी.ची फळी घेतात. वर वळलेले शेपूट लॅरी स्टीव्हन्सन यांनी १९६९ मध्ये पुढे आणले. आजची बरीचशी ट्रिक-विद्या त्यावरच उभी आहे. पावले टाकत नाचायचे असेल तर लांब, लवचीक फळी सुखाची वाटते, पण लवचीकपणा पायाचा दणका गिळून टाकतो. टेल आपटून बोर्ड उडवायचा असेल तर ताठ फळीच बरी.

काही फळ्यांवर ट्रकच्या भोकांचे एकाहून अधिक संच असतात. दोन्ही ट्रक आतल्या संचावर सरकवले की शेपूट लांबते, व्हीलबेस घटतो आणि बोर्ड चटकन वळतो. खर्च काहीच नाही, लागतो तो फक्त पाना. म्हणून नवे काही विकत घेण्याआधी हे करून पाहावे. ट्रकमध्ये दोन घराणी आहेत. किंगपिन म्हणजे ट्रकच्या मधला मोठा बोल्ट. लाँगबोर्डवर सहसा उलट्या किंगपिनचे ट्रक येतात. त्यांची किंगपिन फळीच्या टोकाकडे तोंड करते आणि ते सावकाश, खोल वळतात. पारंपरिक ट्रकची किंगपिन आतल्या बाजूला असते, वजन बहुधा कमी असते आणि बोर्ड पायाखाली अधिक चपळ वाटतो. ट्रक उलटा बसला तर बोर्ड झुकाल त्याच्या विरुद्ध दिशेला वळू पाहतो. नवख्यांच्या हातून ही चूक नेहमी होते.

बुशिंग म्हणजे किंगपिनभोवतीच्या युरेथेनच्या (रबरासारख्या प्लास्टिकच्या) गाद्या. बोर्ड किती सहज कलतो हे त्या ठरवतात. त्यांचा कडकपणा शोर ‘ए’ मापात देतात: साधारण ७८ मऊ, ९५ कडक. ती खेळाडूच्या वजनाप्रमाणे निवडावी. हलक्या माणसाला मऊ, जड माणसाला कडक. फळीकडे दंडगोल आणि जमिनीकडे शंकूच्या आकाराचे बुशिंग ही जोडी वळायला मोकळी पडते; दोन्ही दंडगोल घेतले तर मॅन्युअलच्या वेळी बोर्ड कमी डगमगतो. बोर्ड लटपटतो म्हणून किंगपिनचा नट आवळत बसण्याची सवय मात्र वाईट: गादी चेपून फुगते, वळणे अडखळत होतात आणि गादी लवकर फाटते. त्यापेक्षा एक पायरी कडक गादी घालावी. नट इतका सैलही नको की त्यातल्या नायलॉनच्या कड्यातून किंगपिनचे आटे बाहेर दिसू नयेत.

चाकांत तडजोड अटळ आहे. प्रवासासाठीची ७० मिमी.ची चाके जड असतात. शव्हिटमध्ये फळी पायाखाली फिरवताना ते वजन जाणवते. ६० ते ६५ मिमी., गोल कडांची आणि ८० ते ८५ ए कडकपणाची चाके सहज घसरतात, तरी खडबडीत डांबरावर दात खिळखिळे करत नाहीत. त्याहून लहान व कडक चाके टेल आपटायला झकास, पण एखादा खडाही त्यांना जागच्या जागी थांबवतो आणि स्वार पुढे जातो. खोल वळणात चाक फळीला घासले तर बोर्ड असाच अचानक अडतो. याला व्हीलबाइट म्हणतात. ३ किंवा ६ मिमी.च्या रायझर पट्ट्या ट्रक आणि फळी यांच्यामध्ये घालून तो टाळता येतो. मात्र पट्टी जितकी जाड तितके शेपूट जमिनीपासून दूर, म्हणून लागेल तेवढीच घालावी. पट्टी वाढली की बोल्टही लांब लागतात. दोन-तीन आटे नटाबाहेर दिसले पाहिजेत.

बेअरिंगची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. जवळजवळ सगळीकडे ६०८ मापाची, ८ मिमी. भोक व २२ मिमी. बाह्यव्यासाचीच बेअरिंग चालतात. त्यांवरचा एबेक आकडा कारागिरीची अचूकता सांगतो, ट्रिकची सोय नव्हे. दोन बेअरिंगमधला स्पेसर आणि बाहेरचे वायसर मात्र गाळू नयेत, कारण बोर्ड आपटतो तेव्हा बाजूचा धक्का बेअरिंगवरच येतो.