मंजूर वेगळं, लागू वेगळं

३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करायला मंजुरी दिली. दिवसाचे कामाचे तास ९ वरून १० करायचे, हा त्यातला गाजलेला भाग. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या कापडदुकानातला पोरगा विचारतो, "दादा, आजपासून दहा तास थांबायचं का? शेठ तसं म्हणालेत." त्या दिवशी २०१७ च्या त्या कायद्यातला कानामात्राही हललेला नव्हता. मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे सरकारचं आपल्या घरात ठरलं, एवढंच. बोलणी झाली म्हणून त्याच संध्याकाळी कोणी वरात काढत नाही.

विधेयक सभागृहात कसं मंजूर होतं ते शाळेत नागरिकशास्त्रात झालंय, ते उगाळत नाही. मसुदा आणि विधेयक यांतला फरकही किरकोळ: मसुदा हरकती-सूचनांसाठी लोकांपुढे, विधेयक सभागृहापुढे. एखाद्या आमदारानं स्वतः मांडलेलं अशासकीय विधेयक असेल तर त्याच्या भरवशावर बेत आखू नका. संसदेत असं विधेयक शेवटचं मंजूर झालं ते १९७० मध्ये.

खरा घोळ पुढे आहे. "विधेयक मंजूर" अशी बातमी येते आणि लोक वाचतात "कायदा लागू". यात 'पास झाला' या शब्दाचा मोठा वाटा आहे. माझ्या हातात असतं तर कायद्याच्या बातम्यांत मी तो शब्द वापरूच दिला नसता. परीक्षेत पास झालं की वर्ग बदलतो, इथे बदलत नाही. दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्यावरही दोन कुलुपं उरतात.

पहिलं कुलूप संमतीचं. राज्यपाल सही करतात, नाहीतर विधेयक परत पाठवतात, नाहीतर राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. न्यायालयाला त्यांच्यावर ठरावीक मुदत लादता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंय. ग्राहकांच्या बाबतीत राष्ट्रपतींकडचा फेरा वरचेवर पडतो, कारण करार, मालमत्तेचं हस्तांतर हे विषय समवर्ती सूचीतले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. केंद्राच्या कायद्याशी टक्कर होत असेल तर राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय राज्याचं कलम टिकत नाही. आपल्याच राज्याचा गृहनिर्माण नियमन व विकास कायदा बघा. विधिमंडळानं तो २०१२ मध्ये मंजूर केला, "आता बिल्डरांना चाप" असे मथळे झाले. राष्ट्रपतींची संमती आली फेब्रुवारी २०१४ मध्ये. ग्राहकाच्या पदरात त्यातून काही पडायच्या आत केंद्राचा रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आला आणि त्याच्या ९२ व्या कलमानं हा कायदा रद्दच केला. चाप राहिला मथळ्यात. बिल्डर जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देत नसेल तेव्हाच्या मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे लोकांच्या भाषेत डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, सोसायट्या आजही अर्ज करतात तो १९६३ च्या जुन्या मोफाखालीच, म्हणजे राज्याच्या फ्लॅट मालकी कायद्याखालीच.

दुसरं कुलूप अंमलाच्या तारखेचं, आणि शिकलेली माणसंसुद्धा अडखळतात ती इथे. बहुतेक कायद्यांच्या पहिल्याच कलमात एक निरुपद्रवी दिसणारं वाक्य असतं: शासन राजपत्रात अधिसूचना काढून ठरवील त्या दिवशी हा कायदा अंमलात येईल. (हे वाक्य नसेल, तर राज्याचा कायदा संमती राजपत्रात छापली जाते त्या दिवसापासून लागू.) ती अधिसूचना निघेपर्यंत कायदा पुस्तकात असतो, पण काऊंटरवर चालत नाही. कधीकधी ती निघतच नाही. दिल्लीच्या भाडे कायद्याला १९९५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो लागू कधीच झाला नाही. आपला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाही नावानं १९९९ चा, अंमल मात्र ३१ मार्च २००० पासून.

कधी तो तुकड्यातुकड्यानं लागू होतो. रेराला संमती मार्च २०१६ मध्ये मिळाली. काही कलमं १ मे २०१६ ला सुरू झाली. पण नोंदणी सक्तीची करणारं ३ रं कलम आणि ताबा रखडल्यावर व्याजासकट पैसे परत मागायचं १८ वं कलम १ मे २०१७ पासून. म्हणजे ज्यासाठी लोक वाट बघत होते तेच वर्षभर मागे.

या तारखेनं खिशाला चाट कशी बसते? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ला संमती ९ ऑगस्ट २०१९ ला मिळाली, लागू झाला २० जुलै २०२०. जुन्या कायद्यात जिल्हा ग्राहक मंचाकडे २० लाखांपर्यंतच्याच तक्रारी जायच्या, नव्यात जिल्हा आयोगाकडे १ कोटीपर्यंतच्या. आता ६० लाख मोजून घेतलेल्या फ्लॅटची तक्रार घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये "नवा कायदा झालाय" म्हणून ती जिल्ह्याला नेली असती तर दारातूनच परत, जागा राज्य आयोगाची. ऑगस्ट २०२० मध्ये तीच तक्रार जिल्ह्याला. पुढे डिसेंबर २०२१ च्या नियमांनी जिल्ह्याची मर्यादा ५० लाखांवर आणली, की पुन्हा राज्य आयोग. २० जुलै २०२० च्या आधी दाखल झालेल्या तक्रारी जुन्याच ठिकाणी चालतील, हेही २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

अध्यादेशाबद्दल, म्हणजे अधिवेशन नसताना राज्यपाल काढतात त्या तातडीच्या कायद्याबद्दल, गंमत अशी की लोक त्याला कच्चा कायदा समजून दुर्लक्ष करतात, आणि तो मात्र सभागृहात न जाता थेट लागू होतो. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो गळून पडतो, पण तोवर पक्का. थोडक्यात, मंजूर विधेयकाला घाबरून घाईनं कागद बदलणारा दुकानदार अध्यादेशाकडे काणाडोळा करून दंड भरतो. जीआर, म्हणजे शासन निर्णय, तर या रांगेत नाहीच. तो सरकारचा आदेश, कायद्याच्या विरुद्ध काही त्यात येऊ शकत नाही.

माझ्याकडे कोणी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन "आता काय करू" म्हणून आलं, की मी पहिल्या कलमातली अंमलाची ओळ बघायला सांगतो आणि राजपत्रातली त्या तारखेची अधिसूचना मागतो. कापडदुकानातल्या पोरालाही तेच सांगितलं: शेठकडे अधिसूचना माग, तोवर नऊ तास. त्यानं मागितली. शेठ म्हणाले, "अरे, टीव्हीवर आलंय की!"