प्लेगच्या उंदरापासून ओल्या-सुक्या डब्यापर्यंत: इंदूरच्या सवयीची पार्श्वभूमी

इंदुरात घरोघरी ओला कचरा वेगळा ठेवला जातो, याचं श्रेय २०१६ नंतरच्या मोहिमेला दिलं जातं. ते योग्यच आहे. पण माणूस माहितीने बदलतो की मनाला भिडल्याने, हा प्रश्न या शहरापुढे शंभर वर्षांपूर्वीच आला होता.

१९१७ साली स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस तिसऱ्या तुकोजीराव होळकरांसाठी शहराची पाहणी करत होते. शहरात प्लेगची धास्ती होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे सिद्ध होऊन दहा वर्षं होत आली होती, म्हणजे ज्ञान कमी नव्हतं. तरी गल्ल्या तुंबलेल्याच होत्या आणि पाहणी करणाऱ्या साहेबाकडे लोक संशयाने बघत होते. गेडिसनी पत्रकं वाटण्यापेक्षा दिवाळीची मिरवणूक हाती घेतली. जो भाग घरं-गल्ल्या सर्वांत स्वच्छ करेल तिथूनच ती जाईल, असं जाहीर केलं. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा मोठा उंदीर होता. शेवटी दोघांनाही जाळलं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मधलं दृश्य: पांढरेशुभ्र कपडे घातलेले, गळ्यात हार असलेले सफाई कामगार. भीतीच्या जोडीला मान आणि अभिमान आला. भीती रोग ओसरला की विरते, अभिमान जास्त टिकतो.

ज्ञानाची बाजू याच शहरात घडली. १९२४ पासून इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत होते. यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि १९३१ साली ती पुस्तकरूपाने मांडली. खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, जेमतेम दोन फूट खोल. त्यात पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर. पहिली पलटी साधारण पंधरा दिवसांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग. खोली कमी ठेवण्याचं कारण हवा. पाणी जास्त झालं की हवा कोंडते, वास सुटतो, माश्या येतात. घरी खत करायच्या बादलीतही नेमकं हेच बिघडतं: सालं आणि चोथा पडत राहतो, पण वाळलेली पानं पडत नाहीत. एकदा अळ्या दिसल्या की किळस बसते, आणि त्या किळसेपुढे पुढची दहा व्याख्यानं फुकट जातात.

जगभरात १९७० च्या दशकात पर्यावरण शिक्षण सरळ साखळीवर उभं राहिलं: माहिती दिली की मत बदलेल, मत बदललं की वागणं बदलेल. भारतातही १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. पण साखळी मधेच तुटते, हे वारंवार दिसलं. २००२ साली कोलमस आणि एग्यमन या अभ्यासकांनी माहिती आणि वागणं यांच्यातल्या या दरीचा विस्ताराने आढावा घेतला. हिमनद्या का वितळतात हे ठाऊक असणं वेगळं आणि चहाचा चोथा कुठे टाकायचा हे ठाऊक असणं वेगळं. हात हलतो तो दुसऱ्या ज्ञानाने. आणि आपण वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होताना दिसला, तर विश्वास जातो आणि तेही ज्ञान निकामी होतं.

इंदूरने २०१६ नंतर इथेच नीट लक्ष दिलं. रस्त्यावरच्या कचरापेट्या हटल्या, दारात रोज गाणं वाजवत गाडी येऊ लागली आणि गाडीत ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे असल्याचं डोळ्यांना दिसू लागलं. २०१७ च्या स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे केंद्र सरकारच्या शहर-स्वच्छतेच्या क्रमवारीत, पहिला क्रमांक आला आणि अभिमानाला नाव मिळालं. देवगुराडिया या शहराच्या कचरा टाकण्याच्या जागेवरचा जुना डोंगर हटला. तिथे २०२२ पासून रोज ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प (ओल्या कचऱ्यापासून वाहनांसाठी गॅस बनवणारा) आहे. अशा प्रकल्पाला सर्वांत जास्त नडते ती गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी: आतली सालं चांगली असतात, पण पिशवी यंत्रात अडकते, म्हणून आधी ती फोडून काढावी लागते. डब्यात पिशवी न घालता तळाला कागद अंथरला आणि डबा थेट गाडीत उपडा केला, की ही अडचण घरातच संपते.