स्वमग्नता आणि स्वप्न: एका शब्दाचा उलटा प्रवास

मराठीत ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. स्वतःत मग्न. हा शब्द ऐकला की आपल्याच तंद्रीत हरवलेला, जागेपणी स्वप्नं बघणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यामुळे ऑटिस्टिक व्यक्तींना स्वप्नं कमी आठवतात आणि सांगितलेली स्वप्नंही त्रोटक असतात, असं संशोधन सांगू लागतं तेव्हा मराठी वाचक बुचकळ्यात पडतो. जो स्वतःत बुडालेला आहे, त्याची स्वप्नं उलट भरगच्च असायला हवीत. या गोंधळात वाचकाची काही चूक नाही. गेल्या शंभर वर्षांत ऑटिझम या शब्दाचा अर्थच पालथा झाला आणि आपला मराठी प्रतिशब्द जुन्या अर्थापाशी थांबून राहिला.

शब्द जन्मला झुरिकमध्ये. तिथल्या बुर्गहोल्त्सली मनोरुग्णालयाचे प्रमुख युजेन ब्लॉयलर यांनी १९११ साली स्किझोफ्रेनियावर मोठा ग्रंथ लिहिला. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आतल्या जगात राहू लागलेल्या रुग्णांच्या अवस्थेला त्यांनी ऑटिझम म्हटलं. फ्रॉइडच्या वर्तुळात 'ऑटोएरोटिझम' हा शब्द रुळलेला होता. त्यातला कामवासनेचा भाग काढून ब्लॉयलरनी 'स्वतः' एवढाच ठेवला. त्यांच्या मते या विचारपद्धतीत तर्काचा लगाम सुटतो, इच्छा आणि भीती मोकाट धावतात. स्वप्न, दिवास्वप्न, लहान मुलांचा लुटूपुटूचा खेळ, पुराणकथा ही सगळी त्यांना याच जातीची वाटत. म्हणजे मूळच्या अर्थानं ऑटिस्टिक विचार हा स्वप्नाचा सख्खा भाऊ होता. १९२३ मध्ये मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या भाषेबद्दल लिहिलं, तेव्हाही 'ऑटिस्टिक विचार' म्हणजे कल्पनेत रमलेला, कोणाला सांगण्यासाठी नसलेला विचार, असाच अर्थ होता.

१९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्यासाठी हाच शब्द उसना घेतला. त्यांनी पाहिलेली मुलं मात्र कल्पनेत भरकटणारी नव्हती. त्यांना वस्तू जागच्या जागी हव्या होत्या, तीच क्रिया पुन्हा पुन्हा हवी होती, आणि माणसांपेक्षा वस्तूंशी त्यांचं अधिक जमत होतं. शब्द आणि मुलं यांचा मेळ इथेच सुटला. तरी पुढची वीस-पंचवीस वर्षं मनोविश्लेषक या मुलांच्या आत दडलेली भीती आणि कल्पनांची गर्दी शोधत राहिले. मुलाचं मिटलेलं तोंड म्हणजे आईच्या थंडपणाला दिलेलं उत्तर, असं सांगत कितीतरी आयांच्या माथी दोष मारला गेला. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ सालीही हाच सिद्धांत मांडला. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये त्याला खणखणीत उत्तर दिलेलं होतं, पण त्या आयांच्या वाट्याला आलेली वर्षं परत मिळण्यासारखी नव्हती. या विषयाचा इतिहास लिहिताना हे पान उलटून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

दरम्यान स्वप्नाचा अभ्यास मनोविश्लेषकाच्या कोचावरून प्रयोगशाळेत आला होता. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवल्या आणि झोपेत त्याचे डोळे झपाट्यानं हलत असल्याचं कागदाच्या पट्टीवर उमटलं. त्यांनी नॅथॅनियल क्लाइटमन यांच्यासह १९५३ मध्ये हे प्रसिद्ध केलं. हीच आरईएम झोप. चार वर्षांनी विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्यांना या टप्प्यात १९१ वेळा उठवलं. त्यातल्या १५२ वेळा झोपणाऱ्यानं स्वप्न सांगितलं. स्वप्न ऐन वेळी पकडता येतं, ही कल्पना त्या काळात केवढी थरारक वाटली असेल.

साहजिकच पुढचा प्रश्न निघाला: ज्यांची अवस्था स्वप्नासारखी आहे असं आपण म्हणतो, त्यांची आरईएम झोप वेगळी आहे का? स्वप्न जागेपणात सांडतंय का? लॉस एंजेलिसमध्ये एडवर्ड ऑर्निट्झ, एडवर्ड रिट्वो आणि रिचर्ड वॉल्टर यांनी ऑटिस्टिक जुळ्या भावंडांची, आणि मग ऑटिस्टिक व स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलांची झोप मोजली. १९६५ च्या त्यांच्या निबंधांच्या शीर्षकात 'स्वप्नांची झोप' असेच शब्द आहेत. आरईएम झोपेच्या एकूण प्रमाणात ठळक फरक काही सापडला नाही. ब्लॉयलरच्या कल्पनेला यंत्रानं दुजोरा दिला नाही.

साधारण याच काळात ब्रिटनमध्ये शब्द पालथा होऊ लागला. तिथल्या संशोधकांना मुलांच्या अदृश्य कल्पनाविश्वापेक्षा मोजता येणाऱ्या गोष्टींत रस होता: भाषा, खेळ, संवाद. लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी करून १९७९ मध्ये तीन अडचणी एकत्र मांडल्या. सामाजिक वावर, संवाद आणि कल्पनाशक्ती. ज्या शब्दाचा अर्थ कल्पनेचा पूर असा होता, त्याचा अर्थ आता कल्पनेचा तुटवडा असा झाला. १९८९ च्या एका अभ्यासात सायमन बॅरन-कोहेन यांनी मुलांना विचारलं, मेंदू कशासाठी असतो? इतर मुलांच्या उत्तरांत विचार करणं, स्वप्नं बघणं हे येत होतं. ऑटिस्टिक मुलांची उत्तरं हालचाल आणि कृती यांच्याभोवती होती. हे उत्तर मेंदूच्या कामाविषयी आहे. ते मूल स्वप्नं बघतं की नाही, हे त्यातून कळत नाही. पण दोन्हींची गल्लत करणं किती सोपं आहे, ते पाहा.

स्वप्नसंशोधक डेव्हिड फाउल्क्स यांचं काम ऑटिझमवरचं नाही, तरी मला ते या सगळ्यात कळीचं वाटतं. त्यांनी मुलांना वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत झोपवून, मध्येच उठवून स्वप्नं विचारली. शाळेच्या उंबरठ्यावरची मुलं आरईएममधून उठूनही बहुतेक वेळा काहीच सांगत नसत. सांगितलंच तर एखादं स्थिर चित्र, बहुधा प्राण्याचं, आणि त्यात ते मूल स्वतः नसे. गोष्टीसारखं उलगडणारं स्वप्न हळूहळू, वयाबरोबर येतं. आणि ते कोणाला लवकर येतं? बोलण्यात तरबेज मुलांना, असं वाटेल. फाउल्क्सना संबंध दिसला तो ठोकळ्यांच्या चाचणीशी, म्हणजे चित्र बघून रंगीत ठोकळे जुळवण्याच्या कौशल्याशी. नेमक्या याच चाचणीत अनेक ऑटिस्टिक व्यक्ती सरस ठरतात, हे अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी १९९३ मध्ये दाखवलेलं आहे. फाउल्क्सचा धागा सरळ ओढला, तर ऑटिस्टिक व्यक्तींची स्वप्नं समृद्ध निघायला हवीत.

निघाली मात्र वेगळी. मॉन्ट्रियलमध्ये रॉजर गोदबू, लॉराँ मोत्राँ आणि सहकाऱ्यांनी झोपेपासून सुरुवात केली. २००४ च्या ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या अभ्यासात ऑटिस्टिक व्यक्तींच्या आरईएम झोपेत, मेंदूच्या दृष्टीशी निगडित भागांवर वेगवान बीटा लहरी कमी दिसल्या. २००५ मध्ये झोप लागायला जास्त वेळ लागतो आणि आरईएममध्ये डोळ्यांच्या हालचाली कमी होतात, असं दिसलं. मग २००८ मध्ये ॲन-मारी दाऊ यांच्यासह त्यांनी थेट स्वप्नांना हात घातला. २८ ऑटिस्टिक तरुण आणि ७९ इतर व्यक्तींनी प्रश्नावली भरली. त्यांतल्या १७ आणि ११ जणांना प्रयोगशाळेत आरईएममधून उठवलं गेलं. ऑटिस्टिक गटाला स्वप्नं कमी आठवत होती. सांगितलेली स्वप्नं आखूड होती. त्यांत स्थळं, वस्तू, पात्रं, माणसांचा परस्पर व्यवहार, भावना, सगळंच कमी. वाईट स्वप्नंही कमी. ही शेवटची गोष्ट उणिवांच्या यादीत का बसवायची, हे मला अजून उमगलेलं नाही.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही आपली म्हण. स्वप्नसंशोधनात सातत्याचा सिद्धांत म्हणतात तो जवळपास हाच: दिवसा मन ज्यात गुंतलेलं असतं, तेच रात्री येतं. दिवसा माणसांची गर्दी नको वाटत असेल तर रात्री तरी ती का यावी? हा अर्थ सरळ आहे आणि त्यात काही कमी असल्याचा सूर नाही.

दुसरा मुद्दा सांगण्याचा. प्रयोगशाळेत मोजलं जातं ते सांगितलेलं स्वप्न, पाहिलेलं नव्हे. पहाटे तीनला कोणी हलवून उठवतं, डोक्याला तारा चिकटलेल्या, समोर अनोळखी माणूस, आणि प्रश्न असा मोघम की आत्ता मनात काय चाललं होतं? मोघम प्रश्नाला ऑटिस्टिक व्यक्ती अनेकदा थोडक्यात उत्तर देते, हे घरी रोज 'शाळेत आज काय झालं?' विचारणाऱ्या कोणत्याही आईला ठाऊक आहे. शिवाय बऱ्याच ऑटिस्टिक व्यक्तींना भावना ओळखून शब्दांत मांडणं जड जातं. पीटर सिफ्निओस यांनी १९७० च्या दशकात याला अलेक्झिथायमिया हे नाव दिलं. ते बिगर-ऑटिस्टिक लोकांतही आढळतं. त्यामुळे स्वप्नातली भावना कमी होती, की तिला शब्द मिळाला नाही, हे प्रश्न वेगवेगळे ठेवायला हवेत. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन यांनी दुहेरी समानुभूतीचा प्रश्न मांडला: न समजणं एकतर्फी नसतं, दोन्ही बाजू एकमेकींना नीट वाचू शकत नाहीत. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. स्वप्न सांगणारा आणि ते ऐकून पात्रं मोजणारा यांच्यातही हे घडू शकतं.

आणि ही सारी स्वप्नं बोलू शकणाऱ्यांची आहेत. जी मुलं मुळीच बोलत नाहीत, ज्यांच्या आईवडिलांना झोपेत हसणाऱ्या किंवा दचकणाऱ्या लेकराकडे पाहून तेवढ्यावरूनच काहीतरी ताडावं लागतं, ती या आकड्यांत नाहीत. त्यांची आरईएम झोप पट्टीवर उमटते, अगदी १९६५ सारखी. उठवून विचारण्याची पद्धत त्यांच्या दारापाशी थांबते.