पाटील, दिनकर बाळू (दि. बा. पाटील)

(१३ जानेवारी १९२६ – २४ जून २०१३). पनवेल मतदारसंघातून पाच वेळा निवडून आलेले आमदार, महाराष्ट्र विधानसभेतील विरोधी पक्षनेते, दोन वेळा लोकसभेचे सदस्य आणि नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या लढ्याचे नेते. उरण, पनवेल आणि ठाण्याच्या खाडीकाठच्या गावांत ते ‘दिबा’ या नावाने ओळखले जातात. ‘लोकनेते’ ही उपाधी त्यांच्या नावाआधी आवर्जून लावली जाते.

त्यांचा जन्म उरण तालुक्यातील जासई या गावी आगरी शेतकरी कुटुंबात झाला. हा परिसर तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता आणि १ जानेवारी १९८१ पासून त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. भातखाचरे, खाजणे आणि मिठागरे यांवर इथली गावे जगत. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असत. उधाणात बांधाला खांड पडली, तर सारा गाव चिखलात उतरून ती बुजवी, कारण एकदा खारे पाणी आत आले की पुढचे पीक हातचे जाई. शेतात भात आणि खाडीत मासळी अशा दोन्हींवर घर चाले. यांपैकी भातशेतीची नोंद सात-बाऱ्यावर होती, मासळीची आणि मिठागरावरच्या मजुरीची कुठेच नव्हती. पुढे भूसंपादनाच्या मोबदल्यावरून जो वाद पेटला, त्याचे मूळ या फरकात आहे, म्हणून तो येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

वकिलीचे शिक्षण घेऊन दि. बा. पाटील यांनी पनवेल येथे वकिली सुरू केली आणि शेतकरी कामगार पक्षाचे काम हाती घेतले. १९३३ मध्ये सुरू झालेल्या अलिबागजवळच्या चरी येथील शेतकऱ्यांच्या संपापासून कुलाबा जिल्ह्यात कूळ-खोत संघर्षाची परंपरा होती आणि शेकापचा लाल बावटा याच जमिनीत रुजला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते पनवेलमधून प्रथम विधानसभेवर निवडून आले. ती विधानसभा द्विभाषिक मुंबई राज्याची होती. त्यानंतर १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० या निवडणुकांतही पनवेलच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले. पनवेलचे नगराध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

१९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या आणि शेकापच्या आमदारांची संख्या दहाच्या आत राहिली. कृष्णराव धुळप यांच्यानंतर विरोधी पक्षनेतेपद याच छोट्या गटाच्या वतीने दि. बा. पाटील यांच्याकडे आले. राज्यात भीषण दुष्काळ होता, सभागृहात सत्तापक्षाचे बळ प्रचंड होते आणि विरोधी पक्षनेत्याचे वेतन व भत्ते ठरविणारा महाराष्ट्राचा कायदाही अद्याप झालेला नव्हता. तो १९७८ चा आहे. मतदानाने सरकारला अडविणे शक्य नसताना प्रश्न, लक्षवेधी आणि कपात सूचना एवढीच आयुधे विरोधकांच्या हाती होती. १९७७ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९८० मध्ये ते विधानसभेत परतले आणि १९८४ मध्ये पुन्हा लोकसभेवर निवडून आले.

त्यांच्या कारकिर्दीचा गाभा मात्र नवी मुंबईच्या भूसंपादनाशी निगडित आहे. मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचे ठरले, फेब्रुवारी १९७० मध्ये भूसंपादनाच्या अधिसूचना निघाल्या आणि १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या प्रकल्पात आल्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने ठरे, मग निवाडा कितीही वर्षांनी होवो. त्यामुळे शहर उभे राहू लागले तसे जमिनीचे मोल वाढत गेले, शेतकऱ्याला मिळणारा भाव मात्र १९७० पाशीच अडकून राहिला. सरकार एकरी १५ हजार रुपये देऊ करीत होते, तर दि. बा. पाटील यांची मागणी ४० हजारांची होती.

जानेवारी १९८४ मध्ये हा संघर्ष शिगेला पोहोचला. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. १६ जानेवारीला जासईजवळ दास्तान फाटा येथे आणि दुसऱ्या दिवशी पागोटे परिसरात जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात चिर्ले व धुतुम येथील प्रत्येकी एक आणि पागोटे येथील तीन असे पाच शेतकरी हुतात्मा झाले. आंदोलनानंतर एकरी २७ हजार रुपयांचा दर मान्य झाला. दर वाढला हे महत्त्वाचे आहेच, परंतु त्याहून दूरगामी ठरली ती दुसरी मागणी: शेतकऱ्याला पैशाबरोबर विकसित जमिनीचा हिस्सा परत मिळाला पाहिजे. पैसा एका पिढीत खर्च होतो आणि भूखंड राहिला तर शहराच्या वाढीत मूळ मालकाचाही वाटा राहतो, असा त्यामागचा विचार होता.

यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देणारी साडेबारा टक्के योजना साकारली. तिचा शासन निर्णय ६ मार्च १९९० रोजी निघाला आणि १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाली. एका एकराचे उदाहरण घेतले तर ती नेमकी समजते. चाळीस गुंठ्यांचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे होतात. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी तीस टक्के वजा जातात आणि शेतकऱ्याच्या पदरात साडेतीन गुंठे, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटरचा भूखंड पडतो. एकरभर शेतीच्या तुलनेत हा तुकडा लहान आहे, पण तो शहरी जमिनीचा आहे. अंमलबजावणीत मात्र वारसनोंदी, पात्रता आणि इरादापत्र (भूखंड देण्याचा इरादा कळविणारे पत्र) यांत वर्षे गेली, अनेकांना भूखंड स्वतःच्या गावापासून दूर मिळाले आणि हाती येण्याआधीच कित्येकांनी ते कुलमुखत्यारपत्रावर विकासकांना देऊन टाकले. शिवाय ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्या मिठागर कामगारांना व मच्छीमारांना जमिनीच्या प्रमाणात हिस्सा देणाऱ्या या सूत्रात स्थान मिळणे अवघड होते. वाढत्या कुटुंबांनी गावठाणालगत उभारलेल्या, ‘गरजेपोटी’ बांधलेली घरे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांधकामांचा प्रश्नही याच भूसंपादनातून उद्भवला.

उत्तरायुष्यात त्यांनी शेकाप सोडून शिवसेनेत प्रवेश केला. प्रकल्पग्रस्तांचे काम मात्र त्यांनी थांबविले नाही आणि पनवेलमधील ‘संग्राम’ या त्यांच्या घरी सल्ल्यासाठी येणाऱ्या गावकऱ्यांची ये-जा पक्षबदलानंतरही चालू राहिली. इतर मागासवर्गीयांच्या हक्कांचाही त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. २४ जून २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

विकसित भूखंडाचे हे सूत्र त्यांच्या पश्चात नवी मुंबई विमानतळाच्या भूसंपादनात पुढे गेले आणि तेथील शेतकऱ्यांना साडेबावीस टक्के भूखंड देऊ करण्यात आले. या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे यासाठी १० जून २०२१ रोजी मानवी साखळी उभारण्यात आली आणि २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर ठाणे, रायगड व मुंबईतील भूमिपुत्रांचा मोर्चा गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठराव संमत करून केंद्राकडे शिफारस केली. पाच हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीला जासई व पागोटे येथे गावकरी एकत्र येतात.